डावी वाटी

हेडफोनची वायर आखूड पडली, एवढंच निमित्त. सकाळी दहाचा सुमार, सांगलीच्या खणभागातलं माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान नुकतंच उघडलेलं, आणि टेबलावर साखर कारखान्यातल्या एका साहेबाचा रेकॉर्डप्लेअर पोट उघडून पडलेला. सुई बदलली होती, ती दोन्ही बाजूंनी नीट वाजते का बघायचं होतं. दुकानातले स्पीकर गेल्याच आठवड्यात विकले गेले, म्हणून फळीवरचा धरणेंद्रशेटचा जर्मन हेडफोन काढला. वर्षभर तिथंच प्लास्टिकच्या पिशवीत पडून होता. त्याची वायर डाव्या वाटीतून निघते आणि प्लेअर होता माझ्या उजव्या हाताला. ओढून बघितली, पुरेना. प्लेअर हलवायचा तर सगळं उघडं यंत्र हलवायला लागणार. मग मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. हेडफोन उलटा घातला. डावी वाटी उजव्या कानाला, उजवी वाटी डाव्याला. आणि सुई टेकवली.

तानपुरा वाजला, उजव्या कानात. चारी तारा वेगवेगळ्या, खर्जाची ती लांबत जाणारी गुणगुणसुद्धा. आणि कुठून, तर त्या डाव्या वाटीतून! जिला मी वर्षभरापूर्वी चारचौघांत मेलेली म्हणून जाहीर केलं होतं, जिच्यापायी हेडफोन मुंबईला धाडायला लावला, जिच्यापायी जिनदत्त मास्तरानं आमच्यात येणं सोडलं, ती वाटी ठणठणीत होती. आणि जिचं मी 'आवाज म्हणावा तर हा' असं कौतुक करत आलो ती उजवी वाटी आता डाव्या कानावर बसून गप्प होती. म्हणजे अगदी गप्प नाही. भिंतीपलीकडं कुणीतरी दळतंय असं काहीतरी. मी हेडफोन काढून सुलटा घातला. डावीकडं माती. परत उलटा घातला. डावीकडं माती. वाट्या जागा बदलत होत्या, माती जिथल्या तिथं. मग मनगटावरचं घड्याळ काढून उजव्या कानाला लावलं, टिकटिक आली. डाव्याला लावलं आणि बंद पडलं की काय म्हणून बघितलं, तर काटा आपला चालूच. चौपन्न वर्षांचा माणूस दुकानात एकटा बसून घड्याळ या कानाचं त्या कानाला करतोय. समोरून बिराप्पा पानवाल्यानं विचारलं, "काय हवालदार, घड्याळ बिघाडलं व्हय?" मी म्हटलं, "व्हय." खोटं कशाला सांगू, कान गेल्याचं दुःख पहिल्या पाच मिनिटांत झालंच नाही. पहिल्यांदा आठवली ती टेप. धरणेंद्रशेटच्या बायकोची, पद्मावतीवहिनींची टेप.

मला सांगलीत 'कान' म्हणायचे. गमतीनं नाही, मानानं. लालासाहेबांना दाखवा, लालासाहेबांचा कान काय म्हणतो बघा. आमच्या वडूजकडं पाऊस पडत नाही, ज्वारी पिकली तर पिकली, म्हणून घराघरातनं एक पोरगं फौजेला. मी गेलो तो सिग्नलमध्ये. अठरा वर्षं कानाला हेडफोन. आमच्यात पद्धत अशी की डाव्या कानावर वाटी घट्ट, उजव्या कानावरची जरा मागं सरकवलेली, का, तर साहेबाचा हुकूम ऐकू आला पाहिजे आणि उजवा हात लिहायला मोकळा पाहिजे. म्हणजे कामाचा कान डावा. खरखर, शिट्ट्या, दुसऱ्या कुणाचे निरोप, सगळ्या गोंधळातनं आपला तेवढा टिक-टिक-टा निवडून काढायचा. तांदळातनं खडे निवडतात तसं. निरोप पुढं गेला की कागद जाळायचा, हीसुद्धा पद्धतच. पासष्ट साली तोफांच्या शेजारी तीन आठवडे काढले तेव्हा माझ्या बरोबरीच्या दोघांचे कान वाहायला लागले. मी छाती काढून म्हटलं, बघा, माझ्या कानाला काय झालंय का? सहासष्टला पेन्शनीत आलो आणि सांगलीत दुकान टाकलं. टेलिफोन मी उजव्या कानाला लावतो. कधीपासून लावतो? आज बसून आठवायला लागलो तर आठवेना. तेव्हाच कधीतरी लावायला लागलो असणार. माणूस स्वतःपासून काय काय लपवतो, आणि कसं शिस्तीत लपवतो!

धरणेंद्रशेटचा हळदीचा व्यापार. पेठेत खाली पेढी आणि वर घर, जिन्यावर पाय ठेवला की हळदीचा वास नाकात बसतो तो घरी जाऊन आंघोळ करेपर्यंत जात नाही. मनानं माणूस लोण्यासारखा मऊ. पैसा आहे पण त्याचा ताठा नाही, आणि गाण्याचा नाद असा की रेकॉर्ड लावताना पायातल्या वहाणा काढून बसणार. दर रविवारी दुपारी त्याच्या माडीवर आम्ही जमायचो. मी, जिनदत्त मास्तर आणि अधूनमधून मिरजेहून येणारा कुणी तंतुवाद्यवाला. मास्तर हायस्कुलात शास्त्र शिकवायचा. हडकुळा, चष्मेवाला, प्रत्येक गोष्टीला 'का' विचारणारा. शेट आणि मास्तर दोघंही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे, त्यामुळं आमची बैठक पाचाला मोडायची. तीन तास ऐकणं आणि त्यातले दोन तास भांडणं. सुई कुठली चांगली, स्पीकर भिंतीपासून किती लांब पाहिजे, रेकॉर्ड पाण्यानं पुसावी का कोरडी. मास्तर आकडे सांगायचा, मी कान सांगायचो. शेवटी शेट म्हणायचा, "मास्तर, तुमचं पुस्तक खरं असंल, पर कान त्यो कान." आणि मी मिशीत हसायचो. त्या हसण्याची आज शिसारी येते.

हेडफोन आला शहात्तरच्या दिवाळीत. पद्मावतीवहिनींचा भाऊ जर्मनीत नोकरीला, त्यानं पाठवला. टेपरेकॉर्डरही त्यानंच पाच वर्षांपूर्वी आणून दिलेला, मोठ्या चकत्यांचा, दोन माइकचा. खोक्यातनं हेडफोन निघाला तेव्हा आम्ही तिघं मोठी माणसं लहान पोरांसारखी गुडघ्यावर बसलो होतो. पहिल्यांदा शेटनं घातला आणि डोळेच मिटले. मग मास्तरानं. "आयला," मास्तर म्हणाला, आणि मास्तराच्या तोंडी तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला, "गवई मांडीला मांडी लावून बसल्यागत वाटतंय वो." मग माझी पाळी. मी वाटीवरची खूण बघितली, डावी ती डाव्याला, उजवी ती उजव्याला, आणि डोळे मिटून बसलो. उजवीकडं सगळं होतं. डावीकडं माती. दोघंही माझ्या तोंडाकडं बघत होते. कान काय म्हणतो याची वाट बघत होते. मी हळूच हेडफोन काढला, खाली ठेवला आणि म्हटलं, "डावी वाटी मेलेली हाय."

त्या एका वाक्यावर चार महिने भांडण चाललं. मास्तर म्हणायचा, "दोनी सारख्या वाजत्यात. तुमी म्हणताय ते मला तरी दिसत न्हाई." मी म्हणायचो, "दिसायला ती काय फळ्यावरची आकृती हाय व्हय मास्तर? ऐकायचं असतंय." मग मी हेडफोनच्या जातीवरच उठलो. गाणं चारचौघांत ऐकायची गोष्ट आहे, कानात बोळा कोंबल्यागत एकट्यानं ऐकायची नाही. हा आवाज पिठूळ आहे, ह्याला खोली नाही, जर्मनीतल्या कारखान्यातल्या पोरींना आपल्या तानपुऱ्याची जवारी काय डोंबल कळणार! मिरजेच्या तंतुवाद्यवाल्यानं एकदा घालून बघितला आणि बिचारा म्हणाला, जवारी सुरेख कळती हो ह्यात. त्याला मी असा काही झापला की तो परत आमच्याकडं फिरकला नाही. शेटनं हेडफोन मुंबईला तपासायला पाठवला. महिन्यानं परत आला, सोबत चिठ्ठी, काही दोष नाही. मी चिठ्ठी वाचून हसलो. "मुंबईवाल्यास्नी रोज गोंगाटात ऱ्हायाची सवय, त्यांचे कान कसले?" तेव्हा मास्तरानं ते सुचवलं. अगदी शांतपणे, वर्गात सांगतात तसं. "हवालदार, एकदा उलटा घालून बघा. वाटीत दोष असंल तर दोष उजवीकडं येईल. साधा प्रयोग हाय." साधा प्रयोग! पाचवीतल्या पोराला सुचावा असा. आणि मी काय केलं? मी उठून उभा राहिलो. "फौजेत डावं ते डावं आणि उजवं ते उजवं. उलटं घालायला मी काय येडा हाय?" मास्तर चष्मा पुसत म्हणाला, "नाचता यीना, अंगण वाकडं." झालं. शेट मधे पडला, म्हणाला, "मास्तर, असं बोलू नगासा." आणि मास्तरानं त्या दिवसापुरत्या वहाणा घातल्या. त्या वेळी मला ठाऊक होतं का? सकाळपासून मी हाच एक प्रश्न स्वतःला विचारतोय. मनात, अगदी तळाशी, ठाऊक होतं म्हणूनच मी उलटा घातला नाही का? ज्याला खात्री असते तो उलटा घालून दाखवतो की. मी घातला नाही.

पण मास्तर गेला तो निव्वळ वाटीवरनं नाही. टेपवरनं गेला. ती टेप एकाहत्तरची. नवीन टेपरेकॉर्डर आला तेव्हा शेटला हौस, घरातल्या सगळ्यांचे आवाज धरून ठेवायचे. पद्मावतीवहिनी लाजाळू. माइकपुढं बस म्हटलं की पदर तोंडात. मग शेटनं युक्ती केली. सकाळी त्या माजघरात तांदूळ निवडत स्तवन म्हणत बसायच्या, तेव्हा एक माइक त्यांच्या समोर ठेवला आणि दुसरा सरकून ताटापाशी पडला, तो त्यानं तसाच राहू दिला. एका पट्टीवर गाणं आलं, दुसऱ्या पट्टीवर ताटाजवळचं जे काय असेल ते. दोन वर्षांनी कावीळ झाली आणि वहिनी गेल्या. घरात त्यांचा आवाज म्हणून एवढाच राहिला. स्पीकरवर लावली की त्यातलं गाणं ऐकू यायचं, दुसऱ्या पट्टीवरचं अगदी बारीक असल्यामुळं पंख्याच्या आणि रस्त्याच्या आवाजात कुणालाच कळायचं नाही. हेडफोन मुंबईहून परत आल्यावर शेटनं त्यावर पहिल्यांदा ती टेप लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. मी अजून कुलूपही काढलं नव्हतं. "लालासाहेब," तो म्हणाला, "डाव्या बाजूला तिच्या बांगड्या वाजत्यात. तांदूळ ताटात पडतोय त्यो आवाज येतोय. आणि शेवटाला, गाणं संपल्यावर, ती बोलती वो. माझ्याशी बोलती. म्हणती, आवं, पुरं की. भूक लागली न्हाई व्हय तुमास्नी?" पन्नाशीचा माणूस माझ्या पायरीवर बसून रडत होता. ते हसू होतं का रडू होतं, नीट सांगता येणार नाही.

रविवारी माडीवर, मास्तरासमोर, मी ऐकली ती टेप. डावी वाटी डाव्या कानाला. पुन्हा ऐकली. उजवीकडं वहिनींचं गाणं, गोड, जरा नाकातलं. गाणं संपतं, मग काही नाही. मी दोन्ही हातांनी वाट्या दाबून धरल्या, श्वास रोखला. काही नाही. शेट समोर बसलेला, त्याचे ओठ त्या वाक्याबरोबर हलत होते. तो ओठ हलवत होता आणि मला काही ऐकू येत नव्हतं. त्या वेळी घाम फुटला होता मला, आज आठवतंय. खरं म्हणजे तिथंच म्हणायचं होतं, शेट, मला ऐकू येत नाही. चार शब्द. पण ज्याला सगळी सांगली कान म्हणते तो असं कसं म्हणेल? मी म्हटलं, "शेट, ह्ये भास हाय. टेपचा फुसफुस आवाज हाय नुस्ता. माणूस गेलं की असं हुतंय." मास्तरानं हेडफोन घेतला, ऐकलं, आणि म्हणाला, "बोलत्यात की वैनी. सपष्ट हाय." मग जे झालं ते झालं. मी म्हटलं, मास्तर, दुसऱ्याच्या दुःखाला फुंकर घालायची म्हणून खोटं बोलू नका. तो म्हणाला, तुमच्या गर्वापायी ह्या माणसाचं एवढं एक सुख मारू नका. शेट दोघांच्या मधे बसून एकदा इकडं बघतोय, एकदा तिकडं. आणि शेवटी माझ्याकडंच बघत राहिला. दहा वर्षं ज्याचं ऐकलं त्याचंच माणूस ऐकतो. त्या दिवशी मास्तर जिना उतरला तो परत वर आला नाही.

पुढचं मला सांगायलाच पाहिजे. नाही सांगितलं तर हे सगळं नुसतं रडगाणं. मी शेटला म्हटलं, टेप जुनी झाली आहे, झिजेल, मी नवीन चकतीवर स्वच्छ उतरवून देतो. त्यानं ती रुमालात बांधून माझ्या हातात दिली. दोन्ही हातांनी दिली, देवापुढं ठेवतात तशी. मी यंत्र दुकानात आणलं, दुसरं जोडलं आणि उजवी पट्टी, गाण्याची, नवीन चकतीच्या दोन्ही पट्ट्यांवर उतरवली. डावी घेतलीच नाही. कचरा कशाला उतरवायचा? झालं काम, तर जुनी तशीच परत द्यायची होती. कुणाचं काय बिघडत होतं? पण माझ्या डोक्यात मास्तर बसलेला. जुनी टेप राहिली तर मास्तर उद्या पुन्हा म्हणणार, ऐका, बोलत्यात की वैनी. निरोप पुढं गेला, कागद जाळायचा. मी जुनी चकती चढवली, माइक काढून टाकले आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. टेप फिरायला लागली की नवीन शांतता जुन्या आवाजावर चढत जाते, म्हणजे जुनं पुसलं जातं. बत्तीस मिनिटं लागली. तेवढ्यात मी बिराप्पाकडनं चहा मागवला, प्यालो, पेपरात आलेली निवडणुकीची बातमी वाचली, कोण पडलं, कोण आलं. पलीकडं चकती फिरत होती आणि वहिनी आपल्या नवऱ्याला एकदाच जे म्हणाल्या होत्या ते त्या चकतीवरनं जात होतं. जाताना शेवटचं ते कुणाच्याच कानावर पडलं नाही. मला वाटत होतं, भांडण मिटलं एकदाचं.

नवीन टेप शेटनं माझ्यासमोरच ऐकली. गाणं संपलं तरी हेडफोन काढीना. चकतीचं टोक सुटून फटफट करायला लागलं तरी बसून. मग हळूच म्हणाला, "न्हाई वो काय." मी म्हटलं, "सांगितलं न्हवतं? मळ गेला, त्याबरूबर भासबी गेला." त्यानं मान डोलावली. भांडला नाही, जुनी टेप मागितली नाही. "तुमी म्हंता तसंच असंल. लय दिस मी खुळ्यागत तिच्याशी बोलत हुतो, लालासाहेब. ती म्हनायची, भूक लागली न्हाई व्हय, आणि मी म्हनायचो, लागलीय." एवढं बोलून त्यानं हेडफोन माझ्या हातात दिला. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. मला आता त्यात काय ऐकायचं ऱ्हायलंय?" मी तो फळीवर ठेवला. रविवार बंद पडले. लोक विचारायचे, शेट खंगल्यासारखे दिसतात. मी म्हणायचो, वय झालं.

आज दुपारी दुकान बंद केलं आणि घरी गेलो. राहीबाई, माझी बायको, ओट्यावर भाकऱ्या थापत होती. मी जेवायला बसलो तशी ती येऊन उजवीकडं बसली. मी तिच्याकडं बघत राहिलो. लग्नाला तेहतीस वर्षं झाली. आमच्या घरात बायको डावीकडं बसते, माझी आई तशी बसायची, राहीबाई स्वतः नवी असताना तशीच बसायची. "तू उजवीकडं कवापास्नं बसायला लागलीस गं?" मी विचारलं. ती भाकरी मोडता मोडता थांबली. "झाली की धा-बारा वर्सं. तुमी फौजेतनं आलासा तवापास्नं." "का?" "डावीकडनं हाक मारली की तुमी वो देत नव्हतासा. वाटलं रागावलाय. मग एक दिस कळलं. मिरजंला दाखवून या म्हनून दोनदा म्हनलं, तर तुमी ताट भिरकावलंसा. मग म्हनलं, आपुनच जागा बदलावी." ती हे असं सांगत होती जसं आज मीठ जरा जास्त पडलंय. कप्पाळ माझं! ताट भिरकावल्याचं मला आठवतही नव्हतं. जिला मी अक्षरशत्रू म्हणून आयुष्यभर हिणवलं तिला बारा वर्षं ठाऊक होतं, आणि तिनं ते पोटात ठेवून नुसती आपली जागा बदलली. सगळ्या सांगलीत माझ्या कानाची खरी पारख असणारं माणूस एकच, ते माझ्या घरात भाकऱ्या थापत होतं. मला तिचा राग आला. हो, राग आला, आणि तो आला याची लाजही वाटली. जेवण अर्धवट टाकून उठलो. "कुठं निघाला उन्हाचं?" तिनं विचारलं. उजवीकडनंच विचारलं.

पेठेपर्यंत चालत गेलो. वाटेत दोनदा परत फिरावं असं वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे काय उगाच म्हणतात? शेटला ठाऊक नाही, मास्तराला पुरावा नाही, टेप तर राहिलीच नाही. कुणाला काय कळणार होतं? आणि सांगून त्याला काय मिळणार? आता त्याचा समज आहे की तो भास होता. सांगितलं तर ते खरं होतं आणि गेलं, हे कळणार. म्हणजे बायको दुसऱ्यांदा मरणार. हे सगळे विचार दयेचे होते. फार छान, फार दयाळू विचार. आणि प्रत्येकाच्या खाली मी माझीच लाज पुरत होतो. गप्प राहायला माणसाला कारणांची काही कमी पडत नाही. पण एक गोष्ट सारखी टोचत होती. वर्षभर तो माणूस स्वतःला खुळा समजत होता. बायकोचं बोलणं आपण मनानंच रचलं असं समजत होता. ते मात्र माझं काम होतं, पुसल्यापेक्षा वाईट काम. जिना चढताना हळदीचा वास नाकात बसला.

शेट माडीवर एकटाच होता. चार वाजले होते, जेवायला अजून वेळ होता. टेपरेकॉर्डरवर सुनेनं भरतकाम केलेलं कापड टाकलेलं, वर पितळी फुलदाणी. "या या लालासाहेब, लय दिसांनी," तो म्हणाला आणि खरोखर आनंदला. मी बसलो. हेडफोन पिशवीतनं काढून दोघांच्या मधे ठेवला. आणि सांगितलं. फौजेत रिपोर्ट देतात तसं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. वायर आखूड पडली. उलटा घातला. घड्याळ लावलं. डावा कान बारा वर्षं मेलेला आहे. मास्तर खरं बोलत होता. जुनी टेप झिजली नव्हती, मी पुसली. मुद्दाम पुसली. बत्तीस मिनिटं. सांगताना त्याच्याकडं बघायचं ठरवलं होतं, जमलं नाही, हेडफोनकडं बघूनच बोललो. बोलणं संपल्यावर वर बघितलं.

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला राग हवा होता. त्याचे डोळे मोठे झाले होते, आणि मग हळूहळू त्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी जन्मभर विसरणार नाही. तो आनंद होता. "म्हंजे ती बोलली हुती?" त्यानं विचारलं. "व्हय." "म्हंजे मला भास न्हवता." "न्हवता, शेट." "भूक लागली न्हाई व्हय, असं म्हनली हुती." "म्हनली असणार. मास्तरानंबी ऐकलं हुतं." तो हसला, गालावरनं पाणी ओघळलं, त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसलं. "मास्तराला बोलवायला पायजे," तो म्हणाला, "सांगायला पायजे." आणि मग, अगदी त्याच क्षणी, मी बघत असताना, ते दुसरं त्याला कळलं. पुसली म्हणजे काय ते कळलं. तोंड तसंच उघडं राहिलं. तो उठला. मला वाटलं आता मारेल, मारावं असं वाटत होतं. पण तो माझ्या डाव्या बाजूनं गेला, टेपरेकॉर्डरपाशी उभा राहिला, माझ्याकडं पाठ करून. कापडाचं टोक सारखं करत राहिला. माझ्या उजवीकडची खिडकी उघडी होती आणि खाली पेढीवर हमाल गाडीतनं पोती उतरवताना ओरडत होते.

पाठमोरा असतानाच तो काहीतरी बोलला. चार-पाच शब्द असतील. खांदे हलले, मान जराशी माझ्याकडं झाली, म्हणजे ते मलाच उद्देशून होतं. माफ केलं असेल, किंवा चालते व्हा म्हटलं असेल. चहा घेणार का असंही विचारलं असेल, त्याचा स्वभावच तसा. एवढ्यात हमालांचा ओरडा थांबला. मी नुसती मान वळवली असती, उजवा कान त्याच्याकडं केला असता आणि काय म्हणालात शेट, असं विचारलं असतं, तर तो पुन्हा बोलला असता. बारा वर्षं मी नकळत हेच करत आलो होतो. आज कळून सवरून मी मान वळवली नाही.